निळा फ्लॉवर

रंगसाहेबांनी पालकसभेत हात वर केला, तेव्हा त्यांच्या बायकोचा चिमटा निघाला होता, पण पोहोचायला उशीर झाला. ती फिजिओथेरपिस्ट होती. माणसाच्या अंगात नेमकं कुठं दाबलं की काय होतं, हे ती शिकलेली होती. त्यामुळे तिचा चिमटा वेळेवर बसला असता, तर रंगसाहेबांचा हातच काय, बोटही वर गेलं नसतं. पण तो बसला तेव्हा वर्गबाई फळ्यावर लिहून मोकळ्या झाल्या होत्या : पुढचा बुधवार, ठमीचे बाबा.

शाळेनं त्या वर्षी तिसरीच्या वर्गासाठी 'भाजीखाऊ' नावाचा उपक्रम काढला होता. दर बुधवारी एका मुलाच्या घरून वर्गासाठी खाऊ यायचा, तो भाजीचाच हवा आणि मुलांनी तो आवडीनं खायला हवा. उपक्रमाची सुरुवातच जरा वाकडी झाली होती. शाळेच्या पहिल्या सूचनेत 'पालक ताजे, स्वच्छ धुतलेले व बारीक चिरलेले असावेत' असं छापून आलं होतं, आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर त्यावर दोन दिवस गंभीर चर्चा झाली होती. त्यानंतर एका बँकमॅनेजरांनी भोपळ्याच्या चौकोनी वड्या आणल्या. त्या कुणी खाल्ल्या नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांच्या मुलाला सगळा वर्ग भोपळ्या म्हणू लागला. परवा तर हजेरी घेताना बाईंच्याच तोंडून 'भोपळ्या' निघालं आणि तो बिचारा 'हजर' म्हणाला. त्याच्या पुढच्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंनी गाजराचे गोंडस ससे करून आणले. त्यांची मुलगी आता गाजरीण होती.

"बाबा, मला काय म्हणतील?" घरी येताना ठमीनं विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता ती बोलायची बंद झाली.

ठमी आठ वर्षांची होती. तिचं अबोला धरणं म्हणजे साधं गप्प बसणं नसायचं. ती वडिलांसमोर बसून आईला सांगायची, "आई, त्यांना सांग, पंखा बंद करा." रंगसाहेबांना हे लागलं. पण ते डगमगले नाहीत. डगमगणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. एका मोठ्या रंगाच्या कारखान्यात ते छटा-विभागाचे प्रमुख होते. गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, "आमच्या हिच्या माहेरच्या दारासारखा हिरवा पाहिजे," आणि रंगसाहेब ते दार न बघता तो हिरवा काढून द्यायचे. म्हणून तर कारखान्यात आणि इमारतीतही त्यांना सगळे रंगसाहेब म्हणत.

"इथं सगळ्यांची एकच चूक होतेय," जेवताना त्यांनी जाहीर केलं. "सगळे चवीच्या मागे लागलेत. मूल चव घेतं कधी? तोंडात गेल्यावर. आणि तोंडात जातंय कुठं? ते आधीच तोंड फिरवतं. म्हणजे प्रश्न चवीचा नाहीच. प्रश्न रंगाचा आहे."

"आई, त्यांना सांग, कारखान्यात जा," ठमी म्हणाली.

इमारतीत बातमी पसरायला जिन्याचा एक मजला पुरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरच्या मावशी दार उघडं बघून आत आल्या. "भाजी दाखवायचीच नाही," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "लपवायची. कणकेत, भातात, जिथं जागा मिळेल तिथं. आमचा मुलगा एवढा मोठा झाला, लग्न झालं, पण त्याला अजून ठाऊक नाही की तो लहानपणापासून दुधी खातोय."

"कधीतरी सांगाल ना त्याला?" रंगसाहेबांच्या बायकोनं काळजीनं विचारलं.

"कशाला? सुखात आहे तो."

समोरच्या दारातले निवृत्त उपप्राचार्य मात्र लपवाछपवीच्या विरोधात होते. ते कडक शिस्तीचे होते, आणि त्या शिस्तीमुळेच आपण प्राचार्य झालो नाही असं त्यांचं म्हणणं होतं. "उपाशी ठेवा," ते म्हणाले. "वसतिगृहात मी स्वतः पाहिलंय. भूक लागली की मुलगा काहीही खातो. एकानं माझी सूचना खाल्ली होती. फळ्यावर लावलेली."

रंगसाहेबांनी दोघांचेही आभार मानले आणि दोघांचंही ऐकलं नाही. त्यांनी सरळ गिऱ्हाइकाकडे जायचं ठरवलं. संध्याकाळी जिन्यात खेळणाऱ्या मुलांना थांबवून त्यांनी विचारलं, "तुम्हाला कुठल्या रंगाचा खाऊ आवडेल?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एका सुरात सांगितलं, "निळा!"

दुसरा कुणी असता तर खचला असता. भाजीबाजारात हिरवं मिळतं, लाल मिळतं, पिवळं, केशरी, पांढरं मिळतं. निळी भाजी कुणी पाहिली आहे? पण रंगसाहेबांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. शाळेत रसायनशास्त्राच्या तासाला पाहिलेली एक गंमत त्यांना आठवली होती. जांभळा कोबी उकळला की जांभळं पाणी निघतं. त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की ते निळं होतं. आणि त्यावर लिंबू पिळलं की डोळ्यांदेखत गुलाबी. सगळं स्वयंपाकघरातलंच, कारखान्याशी काही संबंध नाही.

भाजीवाल्यानं मात्र जांभळा कोबी देताना त्यांना खालून वर न्याहाळलं. "हा हॉटेलवाले नेतात," तो म्हणाला. "घरी पाहुणे रागावून गेले तर मला सांगू नका."

रविवारी सकाळपासून स्वयंपाकघर रंगसाहेबांच्या ताब्यात गेलं. कपडे खराब होऊ नयेत म्हणून त्यांनी कारखान्यातला जुना ॲप्रन चढवला. ही त्यांची घोडचूक होती, पण ती तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही. पहिला बेत निळ्या बिस्किटांचा होता. कोबीचं निळं पाणी पिठात घातलं, मटार-बटाट्याचं सारण भरलं, ओव्हनमध्ये ठेवलं. आत जाताना बिस्किटं आकाशासारखी होती. बाहेर आली तेव्हा त्यांचा रंग जुन्या सरकारी कचेरीच्या भिंतीसारखा झाला होता. तोही खालच्या पट्ट्याचा, जिथं लोक पाठ टेकून बसतात.

"छान," बायको म्हणाली. "आता यावर फक्त तक्रारपेटी टांगायची."

दुसऱ्या खेपेला त्यांनी सोडा वाढवला. बिस्किटं हिरवी झाली आणि चवीला थेट धुण्याचा साबण. तोंडात घेतलेला तुकडा रंगसाहेबांनी ताठ मानेनं गिळला, कारण ठमी दारात उभी राहून बघत होती.

"आई, त्यांना विचार, फेस येतोय का."

तिसऱ्या खेपेला रंगसाहेब ओट्याशी नुसतेच उभे राहिले आणि विचार करू लागले. निळा रंग भट्टीत टिकत नाही, तर तो भट्टीत घालायचाच कशाला? रंग काही भिंतीच्या आत भरत नाहीत, वरून देतात. आणि वरून द्यायचा तर खाली पांढरं हवं. घरात पांढरं काय होतं? फ्लॉवर होता. त्यांनी फ्लॉवरचे छोटे तुरे काढले, मीठ घालून अर्धवट वाफवले आणि गार करून निळ्या पाण्यात सोडले. तासाभरानं झाकण काढलं तर पातेल्यात छोटे छोटे निळे ढग तरंगत होते. एका ढगावर त्यांनी लिंबू पिळलं. ढग कडेनं गुलाबी होत गेला.

ठमी दारातून दोन पावलं आत आली. मग तिला अबोला आठवला आणि ती परत दोन पावलं मागे गेली.

नेमकं त्याच वेळी उपप्राचार्य वाटीभर साखर मागायला आले. त्यांना दिसलं ते असं : कारखान्याच्या रंग उडालेल्या ॲप्रनमधले रंगसाहेब, कोपरापर्यंत निळे हात, ओट्यावर निळ्या, हिरव्या, गुलाबी पाण्याचे पेले, आणि पातेल्यात काहीतरी निळं. साखर न घेताच ते परत गेले.

मंगळवारी शाळेतून फोन आला. मुख्याध्यापिकाबाईंनी भेटायला बोलावलं होतं.

शाळेत भाजीखाऊसाठी एक समिती होती. मुख्याध्यापिकाबाई, खेळाचे सर, आणि पालकांचे प्रतिनिधी म्हणून भोपळ्याचे वडील. हे बँकमॅनेजर समितीचे चिटणीस होते, आणि आपल्या मुलावर ओढवलेला प्रसंग ते अजून विसरले नव्हते. त्यांनी कर्ज नाकारताना लावतात तसा चेहरा लावला होता.

"आपण नोकरीला कुठं आहात?" त्यांनी विचारलं.

"रंगाच्या कारखान्यात."

"आणि उद्याच्या खाऊचा रंग?"

"निळा."

"माझे प्रश्न संपले," असं म्हणून चिटणिसांनी पेनचं टोपण लावलं.

रंगसाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यभर ज्या माणसानं रंगाशी इमान राखलं, त्यानं लेकरांच्या तोंडात भिंतीचा रंग घालावा? त्यांनी कोबी सांगितला, सोडा सांगितला, लिंबू सांगितलं. मुख्याध्यापिकाबाई सहानुभूतीनं ऐकत होत्या, पण शेवटी म्हणाल्या, "तुमच्यावर विश्वास आहे हो. पण एखादं सर्टिफिकेट असतं तर बरं झालं असतं."

तिथून रंगसाहेब तडक अन्नतपासणीच्या कचेरीत गेले. खिडकीमागचे कारकून डबा खात होते. त्यांनी घास न थांबवता विचारलं, "वस्तू काय?"

"फ्लॉवर."

"फ्लॉवरला कशाला सर्टिफिकेट?"

"तो निळा आहे."

कारकुनांनी मान हलवली. "मग इथं नाही. फुलझाडांचं खातं वरच्या मजल्यावर."

"अहो, फुलं नव्हेत. भाजीचा फ्लॉवर. मी निळा केलाय."

आता मात्र घास थांबला. "केलाय? म्हणजे उत्पादन झालं. मग कारखान्याचा परवाना लागेल. परवान्यासाठी जागेची तपासणी. तपासणीचे साहेब रजेवर. त्यांची मुलगी बाळंत झालीय."

"मुलगा की मुलगी?" रंगसाहेबांनी हताशपणे विचारलं. एवढंच काय ते विचारण्यासारखं उरलं होतं.

"मुलगा. गोरा आहे म्हणतात." या प्रश्नानं कारकून इतके खूश झाले की त्यांनी रंगसाहेबांना बसायला खुर्ची दिली. सर्टिफिकेट दिलं नाही.

घरी आले तर बायको नेहमीपेक्षा मऊ आवाजात म्हणाली, "एक विचारू? रागावू नका हं. कारखान्यातलं काही नाही ना घातलंत?"

समितीनं विचारलं ते ठीक, कारकुनानं फुलझाडांकडे पाठवलं तेही ठीक. पण हा प्रश्न रंगसाहेबांना आत कुठंतरी जाऊन लागला. उरलेल्या जांभळ्या कोबीतला अर्धा, सोड्याची पुडी, सुरी आणि लिंबं त्यांनी पिशवीत भरली, आणि शाळा सुटायच्या आत परत शाळा गाठली.

"चला," ते मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाले. "तुमच्यासमोर करतो. तुमच्या पाण्यात, तुमच्या भांड्यात."

शाळेतलं एकमेव गरम होणारं भांडं म्हणजे शिक्षकांच्या खोलीतली चहाची विजेची किटली. रंगसाहेबांनी शर्टाच्या बाह्या सरसावून कोबी चिरला, किटलीत उकळला आणि जांभळं पाणी पेल्यात ओतलं. सोडा टाकला. निळं झालं. खेळाचे सर वाकून बघू लागले. लिंबू पिळलं. गुलाबी झालं.

"अगंबाई!" मुख्याध्यापिकाबाई उभ्याच राहिल्या. मग सावरून म्हणाल्या, "म्हणजे, समितीला हे पुन्हा एकदा पाहावं लागेल."

समितीनं ते बराच वेळ पुन्हा पुन्हा पाहिलं. शेवटी तर लिंबू मुख्याध्यापिकाबाईंच्याच हातात होतं. खेळाच्या सरांनी निळा पेला आणि गुलाबी पेला दोन्ही पिऊन टाकले आणि आपण ठणठणीत असल्याचं जाहीर केलं. बोलावून आणलेल्या चिटणिसांनी मात्र कर्ज नाकारायचा चेहरा उतरवला नव्हता. त्यांनी एक अट घातली. "खाऊ येऊ दे. पण हे स्वतः वर्गात येणार नाहीत. डबा फाटकावर द्यायचा. रंगाच्या कारखान्यातला माणूस आत, हे बरं दिसत नाही."

रंगसाहेबांनी तोही घोट गिळला. फक्त गडबडीत एक गोष्ट राहिली. त्यांनी किटली नुसती रिकामी केली, विसळली नाही. त्या दुपारी शिक्षकांना मिळालेल्या चहाला पाऊस पडून गेलेल्या रस्त्यासारखा रंग आला होता, आणि इंग्रजीच्या बाईंनी तो पिऊन वर, आज दूध चांगलं आहे, असं सांगितलं म्हणतात.

बुधवारी सकाळी फ्लॉवर हवा तसाच निळा उतरला. डबा भरला. लिंबाच्या फोडी वेगळ्या डबीत ठेवल्या. वाटेत ठमी बराच वेळ रस्त्याकडे बघत चालली, आणि शाळेच्या वळणावर आईमार्फत न जाता थेट वडिलांशी बोलली.

"बाबा, नाही खाल्ला कुणी तर?"

"खातील."

"पण नाहीच खाल्ला तर?"

रंगसाहेब थांबले. "तर म्हणायचं, हे बाबांनी केलंय, माझा काही संबंध नाही. मला फ्लॉवर म्हणू देत. या वयात मला चालेल."

ठमीनं यावर विचार केला. "तुम्हाला शोभेल पण," ती म्हणाली.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्यांचे निळे हात पाहिले आणि अट आधीच कानावर आली असल्यासारखा तो आडवा उभा राहिला. आता रंगसाहेबांच्या ध्यानात आलं, की आपण आत नसलो तर गंमत दाखवणार कोण? त्यांनी ठमीला बाजूला घेतलं. "हे बघ, आधी नुसता निळा द्यायचा. लिंबू दाखवायचं नाही. कुणी नाक मुरडलं तरी गप्प राहायचं. सगळ्यांच्या हातात एकेक तुरा गेला की मग..."

"मला माहीतय," ठमी म्हणाली. "मी दारातून बघत होते." आणि डबा घेऊन ती आत गेली.

रंगसाहेब भिंतीशी उभे राहिले. तिसरीचा वर्ग तळमजल्यावर होता, खिडकी उघडी होती, पण उंच होती. आधी बाकं सरकल्याचा आवाज आला. मग कुणीतरी, "ई, निळा!" म्हणालं. मग शांतता. तिसरीच्या वर्गात शांतता म्हणजे काहीतरी गंभीर. कारखान्यात एकदा आख्खी टाकी चुकीच्या रंगाची निघाली होती, तेव्हाही रंगसाहेब चहा पीत बसले होते. पण आता त्यांनी भिंतीला हात टेकला.

आणि वर्गातून अशी किंकाळी उठली की समोरच्या झाडावरचे कावळे उडाले.

"काय झालं?" ते पहारेकऱ्याला म्हणाले.

"मला काय ठाऊक? तुम्हीच काय ते दिलंय," पहारेकरी म्हणाला आणि दोन पावलं लांब सरकला.

किंकाळी थांबेना. एकामागून एक उठत राहिली, जणू प्रत्येक बाकाची वेगळी. थोड्या वेळानं व्हरांड्यातून चिटणीस येताना दिसले. समितीतर्फे ते वर्गात हजर होते. चेहरा कर्ज नाकारण्याचाच होता.

"एक तक्रार आहे," ते फाटकाशी येऊन म्हणाले.

"सांगा." रंगसाहेबांनी छाती पुढे काढली. जे होईल त्याला उभ्यानं सामोरं जायचं त्यांनी ठरवलं होतं.

"माझ्या मुलाला दोनच तुरे मिळाले. डबा संपला. आता मुलं उरलेलं निळं पाणी प्यायला मागताहेत, आणि बाईंनी पहिला घोट स्वतः घेतलाय." चिटणिसांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "साहेब, भोपळ्याचं काही होण्यासारखं आहे का?"

ते भाजीबद्दल विचारत होते की मुलाबद्दल, हे रंगसाहेबांना कळलं नाही. पण त्या चेहऱ्यावरची बँक केव्हाच बंद झाली होती. तिथं नुसता एक बाप उभा होता. "होईल की," ते म्हणाले. "रविवारी या. त्यालाही घेऊन या. सुरी मी देतो."

त्या दिवशी ठमीला कुणी काही नाव ठेवलं नाही. नावं ठेवायला मुलांना वेळच झाला नाही. पण संध्याकाळी रंगसाहेब कारखान्यातून घरी आले, तर इमारतीच्या दाराशी तिसरीतली चार पोरं शोधक नजरेनं त्यांचे हात तपासत उभी होती. "हेच निळे काका," त्यातलं एक दुसऱ्याला म्हणालं. वरच्या मावशींनी जिन्यातच गाठून, मुलांपासून लपवायच्या गोष्टी अशा उघड केल्याबद्दल नाराजी दाखवली. उपप्राचार्यांनी दार किलकिलं करून, शिस्तीला रंगाची गरज नसते, एवढंच सांगितलं आणि अजून थोडा निळा शिल्लक आहे का असं विचारलं.

रात्री जेवायला बायकोनं फ्लॉवरचीच भाजी केली होती. नेहमीची, पांढरी. ताट समोर येताच ठमीनं चमचा खाली ठेवला.

"याचा रंग उडालाय," ती म्हणाली.

बायकोनं रंगसाहेबांकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ स्पष्ट होता : तुम्ही सुरू केलंत, आता निस्तरा. घरात जांभळा कोबी नव्हता, होता तो सगळा किटलीत आणि डब्यात गेला होता. पण रंगसाहेबांनी ताट पुढे ओढलं आणि एक तुरा उचलून दिव्याखाली धरला.

"उडाला कसा? पांढरा हाही रंगच आहे. आमच्याकडे सगळ्यात अवघड तोच. लोकांना वाटतं, पांढरा म्हणजे पांढरा. हा बघ. याला आम्ही शिंपला म्हणतो. किंचित गुलाबी झाक आहे, दिसते?"

ठमीनं डोळे बारीक केले. "आणि हा?"

"हा दुधी. आणि याच्या देठाकडे बघ, तिथं पिवळा उतरलाय. हा हस्तिदंती."

ठमीनं शिंपला तोंडात टाकला. मग दुधी. मग तिनं स्वतःच एक उचलून दिव्यासमोर फिरवला आणि म्हणाली, "हा ढग." तो ढगही गेला. आईनं ताटात अजून चार तुरे वाढले, आणि मग नवऱ्याच्या ताटातला एक तुरा चमच्यानं वर केला.

"आणि हा कोणता हो?"

रंगसाहेबांनी तो घेतला, उलटसुलट पाहिला, दाबून पाहिला. कामाच्या बाबतीत ते खोटं बोलत नसत. "हा," ते चाचरत म्हणाले, "जरा कच्चा राहिलाय."

बायकोच्या भुवया चढल्या. पण ती काही बोलायच्या आत ठमीनं तो तुरा त्यांच्या हातातून काढून घेतला.

"कच्चा नाही काही," ती म्हणाली. "हा कोरा आहे." आणि तिनं तो कुरकुर आवाज करत खाल्ला.

रंगसाहेब तिच्याकडे बघतच राहिले. त्यांच्या कारखान्याच्या सबंध शेडकार्डावर पांढऱ्याची ही छटा नव्हती.